जुन्या गाडीचा ईसीयू गेला म्हणून गाडी भंगारात काढताय? आधी त्यातली ८ पायांची चिप बघा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. डोंबिवली पूर्वेला आमच्या सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये रात्रीतून पाणी शिरलं. फार नाही, सीटच्या खालपर्यंत. सकाळी पाणी ओसरलं, गाडीतले मॅट कठड्यावर वाळत पडले आणि बाबांनी सवयीने चावी फिरवली. डॅशबोर्डचे दिवे लागले, स्टार्टर फिरला, पण इंजिन काही सुरू झालं नाही.

गाडी २००८ची, पेट्रोल हॅचबॅक, नंबर एमएच-०५चा. टो करून सर्व्हिस सेंटरला नेली. दोन दिवसांनी फोन आला, “सर, ईसीएम गेलाय. नवीन टाकायचा तर पार्ट आणि प्रोग्रॅमिंग धरून ४० हजारांच्या पुढे जाईल. आणि एवढ्या जुन्या गाडीचा पार्ट मिळेलच याची गॅरंटी नाही.” गाडी विकायला काढली असती तर लाखभर रुपयेही आले नसते. विमा फक्त थर्ड पार्टी. बाबांनी भंगारवाल्याचा नंबर शोधायला घेतला.

तेवढ्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या दादांनी कल्याणमधल्या एका छोट्या दुकानाचा पत्ता दिला. तिथल्या माणसाने ईसीयूची डबी उघडली, बोर्ड भिंगाखाली धरला आणि म्हणाला, “काका, बोर्ड सडलाय. पण याची मेमरी जिवंत असणार. ती मिळाली की बाकी सगळं बाजारात मिळतं.”

चार दिवसांनी गाडी सुरू झाली. खर्च साडेआठ हजार. त्यात भंगारात गेलेल्या दुसऱ्या गाडीतून काढलेला त्याच नंबरचा ईसीयूही आला.

सर्व्हिस सेंटरवाले खोटं बोलत होते का? नाही. ईसीयू खरंच गेला होता. मग ही ‘मेमरी’ काय भानगड आहे, ती वाचतात कशी, एका बोर्डवरून दुसऱ्या बोर्डवर नेतात कशी आणि तुमच्याकडे १०-१५ वर्षं जुनी गाडी असेल तर यातलं तुम्हाला काय माहीत असायला हवं? सविस्तर बघूया.

ईसीयू म्हणजे काय आणि तो आपल्या गाड्यांत आला कधी?

ईसीयू किंवा ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. साधारण टिफिनच्या झाकणाएवढी पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची डबी. काही गाड्यांत ती डॅशबोर्डखाली असते, काही गाड्यांत बॉनेटखाली. आत किती हवा आली, इंजिन किती तापलंय, ॲक्सिलरेटर किती दाबलाय हे सेन्सरकडून विचारायचं आणि त्यावरून पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची हे ठरवायचं, हे त्याचं काम. ४ सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे मारत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. म्हणजे हा हिशोब सेकंदाला किमान १०० वेळा.

कार्ब्युरेटरच्या जमान्यात याची गरज नव्हती. जगात इंधन आणि इग्निशन असं दोन्ही सांभाळणारी डिजिटल यंत्रणा बॉश कंपनीने १९७९मध्ये ‘मोट्रॉनिक’ नावाने आणली. ती बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत बसली. आपल्याकडे सामान्य माणसाच्या गाडीत ती यायला आणखी २० वर्षं गेली.

त्यामागे प्रदूषणाचे नियम होते. २९ एप्रिल १९९९ला सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरात १ जून १९९९पासून युरो-१ आणि १ एप्रिल २०००पासून युरो-२ दर्जाच्याच नव्या खासगी गाड्यांची नोंदणी करायला सांगितलं. पुढे मुंबईतही २००१पासून त्याच दर्जाचे भारत स्टेज-२ नियम आले. कार्ब्युरेटरला एवढं नेमकं काम झेपत नव्हतं. १९९८ला आलेली सँट्रो एमपीएफआय इंजिन घेऊनच आली होती आणि २०००मध्ये मारुती ८००सुद्धा एमपीएफआय झाली. तेव्हापासून गाडीच्या मागे ‘एमपीएफआय’ लिहिलेलं दिसलं की समजायचं, आत ईसीयू आहे.

म्हणजे आज ठाण्याच्या किंवा कल्याणच्या पार्किंगमध्ये दिसणाऱ्या १५-२० वर्षं जुन्या गाड्या या ईसीयूवाल्या गाड्यांच्या पहिल्या काही पिढ्या आहेत. त्यांचं इंजिन अजून धडधाकट असतं. म्हातारा होतो तो बोर्ड.

ईसीयूमध्ये ३ प्रकारची मेमरी असते

शाळेच्या दप्तराचं उदाहरण घेऊ. दप्तरात ३ गोष्टी असतात: पाठ्यपुस्तक, पाटी आणि ओळखपत्र.

पाठ्यपुस्तक म्हणजे प्रोग्रॅम. इंजिन कसं चालवायचं याचे नियम आणि तक्ते. एकाच मॉडेलच्या, एकाच व्हर्जनच्या सगळ्या गाड्यांत ते सारखंच असतं. जुन्या ईसीयूंमध्ये ते २७ मालिकेच्या ईप्रॉम चिपमध्ये असायचं. २७सी२५६ म्हणजे ३२ केबी, २७सी५१२ म्हणजे ६४ केबी. नंतर त्यांची जागा २८ आणि २९ मालिकेच्या फ्लॅश चिपने घेतली.

पाटी म्हणजे रॅम. चालू हिशोबापुरतं लिहायचं आणि पुसायचं. वीज गेली की कोरी.

आणि ओळखपत्र म्हणजे ईईप्रॉम. आजची खरी हिरोईन हीच. तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी काळी चिप, बाजूंना ४-४ असे ८ पाय. तिच्यावर २४, ९३ किंवा ९५ने सुरू होणारा नंबर असतो: २४सी०२, ९३सी५६, ९३सी६६, ९५०८०, ९५१६० वगैरे. यात फक्त तुमच्या गाडीची माहिती असते. चावीची ओळख पटवणारा कोड, काही गाड्यांत चॅसिस नंबर, काही डिझेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा दुरुस्ती-आकडा.

किती मोठी असते ही माहिती? २४सी०२ किंवा ९३सी५६मध्ये फक्त २५६ बाईट मावतात. मोबाईलवर ‘डोंबिवली’ हा एक शब्द टाईप केला तर तो २४ बाईट घेतो. म्हणजे पूर्ण चिपमध्ये ‘डोंबिवली’ १० वेळा लिहून होईल, ११व्यांदा जागा संपेल. एवढ्याशा माहितीसाठी गाडी भंगारात जाते.

वीज नसताना चिपला लक्षात कसं राहतं?

याचं उत्तर आहे ‘फ्लोटिंग गेट’. चिपमधल्या प्रत्येक कप्प्यात एक बारीकसा भाग असतो, जो चारही बाजूंनी काचेसारख्या इन्सुलेटरने बंद केलेला असतो. लिहिताना जास्त व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉन त्यात ढकलतात. व्होल्टेज काढलं की ते आत अडकतात. कप्प्यात इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत यावरून ० किंवा १ वाचता येतं. ही कल्पना १९६७मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये डॉन काँग आणि सायमन झे यांनी मांडली. त्यावर आधारलेली पहिली ईप्रॉम इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी १९७१मध्ये बनवली. तिची क्षमताही होती २५६ बाईटच.

ईप्रॉम पुसायची पद्धत मजेशीर होती. चिपच्या डोक्यावर क्वार्ट्झची छोटी खिडकी. तिच्यावर अल्ट्राव्हायोलेट प्रकाश साधारण १५-२० मिनिटं टाकला की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि चिप कोरी होते. म्हणूनच अशा चिपवर स्टिकर चिकटवलेला असतो. तो सहज म्हणून काढू नका. चिप बनवणाऱ्यांच्याच माहितीपत्रकांनुसार थेट उन्हात ती साधारण आठवडाभरात आणि ट्यूबलाईटच्या उजेडात साधारण ३ वर्षांत पुसली जाऊ शकते. कंपनीतून आलेल्या बहुतेक ईसीयूंमध्ये मात्र बिनखिडकीची, एकदाच लिहिता येणारी चिप असते.

पुढे ईईप्रॉम आली. ती विजेनेच पुसता येते आणि विजेनेच लिहिता येते, बोर्डवरून न काढता. म्हणून ओळखपत्र ठेवायला ती सोयीची.

आता आमच्या गाडीकडे परत येऊ. पाणी शिरलं तेव्हा बोर्डवरचे तांब्याचे मार्ग कुजले, पॉवरचा भाग जळाला. पण ईईप्रॉमच्या आतला भाग इपॉक्सीमध्ये बंद असतो आणि माहिती टिकवायला तिला वीज लागत नाही. बोर्ड मेला, तरी आठवण शाबूत राहिली. “मेमरी जिवंत असणार” याचा अर्थ हा.

मग सेकंड हँड ईसीयू आणून नुसता लावला तर?

बहुतेक इमोबिलायझरवाल्या गाड्यांत गाडी सुरू होणार नाही.

तुमच्या चावीच्या प्लास्टिकमध्ये एक छोटा ट्रान्सपाँडर असतो. त्याला बॅटरी लागत नाही. चावी खोचली की लॉकभोवतीची कॉईल त्याला रेडिओ लहरींतून वीज देते, तो आपला कोड सांगतो. तो कोड आणि ईसीयूच्या ईईप्रॉममधली नोंद यांचा मेळ बसला तरच ईसीयू इंजिन चालू देतो. मेळ नाही बसला तर इंजिन सुरूच होत नाही किंवा सेकंदभर सुरू होऊन बंद पडतं. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत राहतं.

चोरीला आळा घालायला ही सोय उत्तम आहे. पण भंगारातून आणलेल्या ईसीयूला त्याच्या जुन्या मालकाची चावी आठवत असते, तुमची नाही. कोरा नवीन ईसीयू कंपनीच्या स्कॅनरने तुमच्या चावीशी जोडता येतो. वापरलेला ईसीयू अनेकदा त्याला नकार देतो.

इथे ती ८ पायांची चिप कामाला येते. तुमच्या मेलेल्या ईसीयूतलं ओळखपत्र काढून त्याच नंबरच्या दुसऱ्या ईसीयूत घातलं, की त्या बोर्डला वाटतं आपण पहिल्यापासून याच गाडीत आहोत. चावी तीच, गाडी तीच, फक्त बोर्ड बदलला.

चिप वाचतात कशी?

आमच्या वेळी मी दुकानात बसून बघितलं. काम बारीक आहे, पण जादू नाही.

१. बॅटरीचा निगेटिव्ह काढून ईसीयू गाडीतून बाहेर काढला. डबीचं सील गरम करून उघडलं.

२. काहीही करण्याआधी बोर्डचे मोबाईलवर फोटो काढले. ईसीयूवरचा हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर नंबर, चिपवरचा नंबर आणि चिपच्या कोपऱ्यातला ठिपका. हा ठिपका म्हणजे पहिला पाय कुठे आहे त्याची खूण. उलटी बसवून वीज दिली तर चिप तिथेच संपली.

३. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने हिरवट थर साफ केला.

४. चिप हॉट एअरने बोर्डवरून उचलली आणि प्रोग्रॅमरमध्ये बसवली. प्रोग्रॅमर म्हणजे यूएसबीने लॅपटॉपला जोडायचं छोटं यंत्र.

५. ‘रीड’ दाबलं. स्क्रीनवर आकड्यांचा तक्ता आला, पण सगळीकडे एकच: एफएफ, एफएफ, एफएफ. माझ्या पोटात गोळा आला. तो मात्र शांत. “ताई, सगळं एफएफ किंवा सगळं शून्य आलं तर लगेच घाबरायचं नाही. बहुतेक वेळा पाय टेकलेले नसतात.” पाय पुन्हा साफ केले. या वेळी खरे आकडे आले.

६. मग आणखी दोनदा वाचलं आणि तिन्ही फाईल एकमेकींशी ताडून बघितल्या. तिन्ही सारख्या निघाल्या तेव्हाच त्याने पुढचं काम हातात घेतलं.

तीन वेळा वाचायचं कारण सोपं आहे. एक आकडा जरी चुकीचा वाचला गेला तरी गाडी अडू शकते. अनेक ईसीयू आपल्या माहितीची ‘चेकसम’ ठेवतात. समजा ३ कप्प्यांत १२, ७ आणि ३० आहेत, तर चौथ्यात बेरीज ४९ लिहून ठेवायची. उद्या ३०चे ३१ झाले तर बेरीज जुळत नाही आणि ईसीयूला कळतं की काहीतरी बिघडलंय. मग तो ती माहिती मानत नाही.

यात चुका कुठे होतात?

मोबाईल रिपेअरिंगवाल्या दुकानांत हॉट एअर मशीन आणि भिंग असतं. त्यामुळे “आम्ही पण करतो” असं सांगणारे बरेच भेटतात. काम कोणाकडेही द्या, पण हे ४ धोके माहीत असू द्या.

एक, क्लिप लावून बोर्डवरच वाचणं. चिप न काढता वरून चिमटा लावता येतो, सोल्डरिंग वाचतं. पण चिमट्यातून दिलेली वीज बाकीच्या बोर्डलाही मिळते. प्रोसेसर अर्धवट जागा होऊन मध्येच बोलायला लागतो आणि वाचन बिघडतं. कधी कधी तो चिपमध्ये काही लिहूनही टाकतो.

दोन, व्होल्टेज. ऑनलाईन मिळणाऱ्या सगळ्यात स्वस्त सीएच३४१ए प्रोग्रॅमरच्या अनेक नगांत ३.३ व्होल्टच्या चिपलाही डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट जातात, हा त्याचा प्रसिद्ध दोष. जुन्या ईसीयूतल्या अनेक चिप ५ व्होल्टच्या असतात म्हणून निभावतं. पण चिपचं माहितीपत्रक बघितल्याशिवाय वीज देऊ नये.

तीन, ९३ मालिकेची खोड. या मालिकेतल्या बऱ्याच चिप ८-८ किंवा १६-१६ बिटच्या गठ्ठ्यांत वाचता येतात. चुकीचा पर्याय निवडला तर आकडे बरोबर पण जोडीजोडीने उलटे येतात. मूळ चिपच दुसऱ्या बोर्डवर बसवली तर फरक पडत नाही. पण ती फाईल दुसऱ्या सेटिंगने नव्या चिपमध्ये लिहिली तर घोटाळा.

चार, आणि सगळ्यात महत्त्वाचा: दुसऱ्या ईसीयूची मूळ माहिती आधी वाचून ठेवायची. काही चुकलं तर परत फिरायला रस्ता हवा.

शेवटी मूळ चिप दुसऱ्या बोर्डवर बसवायची की फाईल तिथल्या चिपमध्ये लिहायची, हा कारागिराचा निर्णय. आमच्या वेळी त्याने दुसरा रस्ता घेतला. “जुनी चिप पाण्यातून आलीये. तिला विश्रांती देऊ.” ती चिप एका छोट्या पाकिटात घालून त्याने बाबांच्या हातात दिली.

एक मर्यादाही लक्षात घ्या. ही युक्ती जुन्या गाड्यांची आहे. नव्या अनेक गाड्यांत ओळखपत्राची वेगळी चिप नसते. ती माहिती प्रोसेसरच्याच पोटात, कुलूप लावून ठेवलेली असते. आणि दोन्ही ईसीयूंचे नंबर जुळले नाहीत तर आकडे बरोबर असूनही उपयोग नाही, कारण कुठल्या कप्प्यात काय लिहायचं हे प्रत्येक प्रोग्रॅम वेगळं ठरवतो.

ठाणे-कल्याणकरांनी हे लक्षात का ठेवायचं?

कारण आपल्याकडे पाणी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याच वेळी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर, कल्याण परिसर बुडाला होता. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसह बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली, ती याच उल्हास नदीमुळे. इकडे उल्हास, वालधुनी आणि खाडी, तिकडे ठाण्याची खाडी. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की तळमजल्याचं पार्किंग पहिलं जातं.

खाडीचं पाणी खारट असतं आणि खाऱ्या पाण्यातून वीज जास्त सहज वाहते. बहुतेक गाड्यांत चावी बंद असली तरी ईसीयूला बॅटरीची एक तार कायम जोडलेली असते. ओला बोर्ड आणि त्यात १२ व्होल्ट, म्हणजे तांबं कुजायला काही तास पुरतात. म्हणून:

पाणी वाढतंय असं दिसलं आणि बॉनेटपर्यंत पोचणं सुरक्षित असेल तर बॅटरीचा निगेटिव्ह काढा. पाण्यात उभं राहून हे करू नका.

पाणी ओसरल्यावर चावी फिरवू नका. बाबांनी हेच केलं होतं. ओल्या बोर्डला वीज मिळते, शिवाय सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर इंजिन जाम होऊन कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी असताना गाडी सुरू करायचा प्रयत्न केला, या मुद्द्यावर विम्याचे दावेही अडतात. ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं वेगळं कव्हर त्यासाठीच असतं.

ईसीयू लवकरात लवकर काढून साफ करून घ्या. आठवडाभर ओल्या गाडीत राहिला तर बोर्ड वाचायची आशा कमी होत जाते.

कंपन्या हे सगळं बाहेर करू देतात का?

हा वाद भारतात मोठ्या पातळीवर गाजलाय. २०११मध्ये शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. गाड्यांचे सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि स्कॅनरसारखी निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळत नाहीत, त्यामुळे ग्राहकाला अधिकृत सेंटरमध्येच जावं लागतं, असा मुद्दा होता. २५ ऑगस्ट २०१४ला आयोगाने १४ कार कंपन्यांना दोषी धरून एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि सुटे भाग, साधनं बाहेरच्या गॅरेजना उपलब्ध करून द्यायला सांगितलं. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या आणि प्रकरण पुढे अनेक वर्षं चाललं. पण “गाडी माझी, तर दुरुस्ती कुठे करायची हे मी ठरवणार” हा प्रश्न तेव्हापासून टेबलावर आहे. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने ‘राईट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. त्यात शेती अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स आणि घरगुती उपकरणांबरोबर वाहन क्षेत्रही आहे.

सर्व्हिस सेंटरची बाजूही समजून घ्या. त्यांच्या पद्धतीत बोर्ड उघडून चिप काढणं बसत नाही. त्यांना पार्ट बदलायचा, गॅरंटी द्यायची आणि पुढची गाडी घ्यायची असते. ८ पायांच्या चिपचं काम त्यांच्या बिलाच्या यादीतच नसतं.

हे कायदेशीर आहे का?

गंमत म्हणजे इथे दोन वेगळ्या कायद्यांची कलमं लागू होतात आणि दोन्हींचा नंबर ५२च आहे.

कॉपीराईट कायद्याचं कलम ५२ सांगतं की कायदेशीर मार्गाने मिळालेल्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमची, तो नष्ट होण्यापासून बचाव म्हणून बॅकअप कॉपी ठेवणं हे उल्लंघन नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीच्या मूळ वैशिष्ट्यांत मनमानी बदल करता येत नाही. परवानगी नसलेला बदल केला तर कलम १८२एनुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणजे त्याच नंबरचा ईसीयू, तुमच्याच गाडीची तुमचीच माहिती, ही दुरुस्ती झाली. पण पिकअप वाढवायला प्रोग्रॅममधले तक्ते बदलायचे, ज्याला ‘चिप ट्यूनिंग’ म्हणतात, ती वेगळी गोष्ट. हा शब्द आला तोही जुन्या ईसीयूतली ईप्रॉम बदलण्यावरून.

याच ज्ञानाची एक काळी बाजू आहे. अनेक गाड्यांच्या मीटरमधलं किलोमीटरचं रीडिंगही अशाच ८ पायांच्या चिपमध्ये असतं आणि ते मागे घेऊन गाडी विकणारे महाभाग आहेत. ही सरळ फसवणूक आहे. सेकंड हँड गाडी घेताना मीटरवर विसंबू नका. सर्व्हिसच्या नोंदी, जुने पीयूसी, पेडलच्या रबराची झीज बघा. आणि भंगारातून ईसीयू घेताना बिल घ्याच. कुर्ल्यात असो की कल्याणात, चोरीच्या गाडीचा पार्ट तुमच्या गाडीत निघाला तर उत्तरं तुम्हाला द्यावी लागतील.

मग तुमच्या जुन्या गाडीसाठी आज काय कराल?

पहिलं, ईसीयू कुठे आहे ते शोधा आणि त्यावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. पाण्यात स्टिकर आधी जातो आणि नंबर नसेल तर जुळणारा ईसीयू शोधणं अवघड.

दुसरं, दोन्ही चाव्या जपा. चिप वाचली तरी चावी हरवली असेल तर काम दुप्पट.

तिसरं, ईसीयू कधी दुरुस्तीला उघडलाच, तर ईईप्रॉमची फाईल मागून घ्या. वाचायला काही मिनिटं लागतात. चालत्या गाडीचा ईसीयू निव्वळ बॅकअपसाठी उघडायचा असेल तर हात बसलेल्या माणसाकडूनच, कारण उघडलेलं सील नीट बंद झालं नाही तर पुढच्या पावसाचं पाणी तुम्हीच आत बोलावलंत.

चौथं, ती फाईल दोन ठिकाणी ठेवा आणि कोणाला फॉरवर्ड करू नका. ती तुमच्या चावीची नक्कल करायला मदत करू शकते. बँकेच्या पिनइतकी जपा.

पाचवं, ईसीयू गेलाय असं कोणी सांगितलं आणि तुम्ही नवीन टाकला, तरी जुना मागून घ्या. तो तुमचा आहे. एक्स्चेंजमध्ये देण्याआधी त्यातली मेमरी वाचता येते का ते बघा.

आमची गाडी अजून चालते आहे. खासगी गाडीच्या नोंदणीची १५ वर्षं संपल्यावर बाबांनी आणखी ५ वर्षांसाठी ती वाढवून घेतली होती, ती वाया गेली नाही. २५६ बाईटची ती फाईल बाबांनी माझ्या ईमेलवर, पेनड्राईव्हवर आणि विश्वास नाही म्हणून सीडीवरही ठेवायला लावली आहे. जुनी चिप आरसी बुकच्या प्लास्टिक कव्हरमध्ये आहे. यंदा पावसाचा ऑरेंज अलर्ट आला की बाबा आधी खाली जाऊन बॅटरीचा निगेटिव्ह काढतात. मग वर येऊन चहा मागतात.